ओट्याखालचे पल्ले दर पावसाळ्यात फुगतात: पाणी कुठून शिरतं आणि त्यावर कोणता हात द्यायचा

मृग लागून महिना झाला की सिंकखालचा पल्ला चौकटीला घासायला लागतो. पोळ्यापर्यंत त्याची खालची कड फुगून दीडपट जाड होते, सनमायका कोपऱ्यातून उचलतो आणि आत हात घातला की कुबट वास येतो. दिवाळीच्या रंगकामात पेंटर त्यावरूनच ऑइल पेंटचा एक हात मारून देतो. पुढचे काही महिने पल्ला देखणा दिसतो, कारण ते महिने कोरडेच असतात. आषाढात पुन्हा तेच.

यात रंगाचा डबा स्वस्त होता की महाग, याने फार फरक पडत नाही. १८ मिमी जाडीच्या पल्ल्यात पाणी समोरून शिरत नाही. ते खालच्या कडेतून, बिजागरीच्या खड्ड्यातून, हँडलच्या भोकांतून आणि पाठीमागून शिरतं, म्हणजे नेमकं तिथून, जिथे पेंटरचा ब्रश पोचतच नाही. पल्ला लटकलेला असताना रंगवला की खालची कड कोरीच राहते. वाकून आरसा धरला तर ती दिसेल. बहुतेक घरांत ती कोऱ्या लाकडाच्या रंगाची असते.

म्हणून दुकानात जाण्याआधी दोन गोष्टी ठरवायच्या: पाणी येतंय कुठून, आणि पल्ला आहे कशाचा.

पाण्याचा माग

सगळ्यात आधी सिंकखालचा बाटलीसारखा ट्रॅप. त्याच्या दोन्ही नटांखाली रात्रभर कोरडा वर्तमानपत्राचा कागद पसरून ठेवा. सकाळी त्यावर नाण्याएवढा जरी डाग असला तरी आधी वायसर बदला. थेंब थेंब पाणी चालू असेल तर जगातलं कोणतंही फिनिश पुरणार नाही.

मग ओट्याची पुढची कड. कडप्पा किंवा ग्रॅनाइट पल्ल्याच्या पुढे निदान २० ते २५ मिमी आलेला हवा. गावाकडच्या ओट्यांत अडचण अशी, की ओटा आधी बांधला जातो आणि पल्ले चार-पाच वर्षांनी, हाती पैसे आले की बसतात. तेव्हा पल्ला दगडाच्या बरोबरीत येतो, कधी पुढेही येतो. भांडी घासताना सांडलेलं पाणी दगडाच्या खालच्या अंगाला चिकटून मागे सरकतं आणि पल्ल्याच्या वरच्या कडेवर उतरतं. दगड पुरेसा पुढे असेल तर त्याच्या खालच्या बाजूला, पुढच्या कडेपासून साधारण १० मिमी आत, ६ मिमी रुंदीची खाच ग्राइंडरने मारून घ्या. पाणी तिथेच तुटून खाली पडतं. दगड पुढे नसेलच तर कडेखाली १५ मिमीची अॅल्युमिनियमची अँगल पट्टी सिलिकॉनने चिकटवा.

माठाकडे कुणाचं लक्ष जात नाही. माठ पाझरतो म्हणूनच पाणी गार होतं, आणि ते पाझरलेलं पाणी तिवईखालून ओघळत ओट्याच्या कडेला येतं. उन्हाळ्याचे चार महिने एकाच पल्ल्याचा एकच कोपरा भिजत असेल तर वर माठ असतो, हे जवळपास ठरलेलं. माठाखाली काठ असलेली परात ठेवा किंवा माठ ओट्यावरून हलवा.

कूलरचाही हिशोब धरा. आपल्याकडे विदर्भात एप्रिल-मेमध्ये बाहेर ४५ अंश आणि हवा पापडासारखी कोरडी, पण घरात खिडकीतला कूलर दिवसरात्र ओली हवा ढकलतो. ती हवा बाहेर जायला समोरची खिडकी उघडी नसेल तर स्वयंपाकघरात कोंडते. पल्ल्याची समोरची बाजू ओलावा पिते आणि आतली बाजू कोरडी राहते. असा पल्ला फुगत नाही, पण धनुष्यासारखा वाकतो. पावसाळा यायच्या आतच पल्ला नीट लागेनासा झाला असेल तर आधी कूलरचा विचार करा.

भिंतीची ओल तपासायला एक हात लांब, एक हात रुंद प्लास्टिकचा तुकडा ओट्याखालच्या भिंतीला चारही बाजूंनी टेपने हवाबंद चिकटवा आणि २४ तासांनी काढा. प्लास्टिकच्या आतल्या अंगाला दव धरलं असेल तर ओल भिंतीतून येते. काळ्या मातीवरच्या, जोत्यात ओलरोधक थर न घातलेल्या जुन्या घरांत हे नेहमीचं आहे. अशा ठिकाणी पल्ल्याची पाठ समोरच्या इतकीच पक्की करावी लागते. शिवाय कपाटाला वारा लागावा म्हणून बाजूच्या फळीत किंवा पल्ल्याच्या वरच्या भागात ५० मिमीची दोन जाळीदार भोकं ठेवा. भोकांच्या कडाही सील करायच्या, नाहीतर पाण्याला आपणच नवी वाट करून दिली असं होईल.

शेवटी फरशी. बादलीभर पाणी ओतून फरशी धुण्याची सवय असेल तर पल्ल्याची खालची कड जमिनीपासून किमान १०० मिमी वर हवी. पल्ला जमिनीला टेकत असेल तर तो कापून आखूड करा आणि खाली दगडाची किंवा टाइलची पट्टी बसवा. कापायला जीव होत नाही हे खरं, पण न कापलेला पल्ला दोन पावसाळ्यांत तसाही खालून जातो.

पल्ला कशाचा आहे

समोरून सगळे सारखेच दिसतात. ओळखायची जागा म्हणजे बिजागरी. एक बिजागरी उघडून तिचा ३५ मिमी व्यासाचा गोल खड्डा आतून बघा. लाकडाचे चुरे चिकटवल्यासारखं, नखाने खरवडलं की सुटणारं असेल तर पार्टिकल बोर्ड. गुळगुळीत, तपकिरी, पुठ्ठ्याच्या लगद्यासारखं असेल तर एमडीएफ. आडवे-उभे पापुद्रे दिसले तर प्लाय. दोन पातळ थरांमध्ये लाकडाच्या जाड पट्ट्या दिसल्या तर ब्लॉकबोर्ड.

प्लायवर भारतीय मानकाचा, म्हणजे आयएसचा शिक्का शोधा. आयएस ३०३ चा एमआर, ज्याला दुकानात कमर्शियल म्हणतात, तो हवेतला दमटपणा सोसतो. उभं पाणी सोसत नाही. आयएस ७१० म्हणजे मरीन; त्याचा डिंक ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासलेला असतो. सिंकखालचे दोन पल्ले तेवढे मरीनचे आणि बाकीचे कमर्शियलचे, अशी विभागणी खर्चात बसते आणि कामालाही येते. पण मरीनमध्ये डिंक पाणी सोसतो, लाकूड नाही. कड उघडी ठेवली तर मरीनही काळा पडतो.

पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ एकदा फुगले की परत बसत नाहीत. दाबून ठेवलेला चुरा पाण्याने उसळतो आणि त्याला धरून ठेवणारा डिंक सुटतो. उन्हात वाळवल्याने ओल जाते, जाडी जात नाही.

कोणतं फिनिश, आणि कोणतं मुळीच नाही

नाही म्हणायच्या गोष्टी आधी, कारण चुका इथेच होतात.

जवसाचं तेल. जवस आपल्याच भागात पिकतं, घाण्याचं तेल घरात असतं, आणि लाकडाला तेल पाजावं हे जुन्या लोकांनी सांगितलेलं असतं. शेतीच्या अवजारांच्या दांड्याला ते उत्तम. स्वयंपाकघरात मात्र कच्चं जवस तेल कित्येक दिवस चिकट राहतं. त्यावर फोडणीची वाफ आणि धूळ बसून काळा थर होतो, आणि दमट दिवसांत बुरशीलाही ते खाद्य मिळतं. डबल बॉइल तेल लवकर सुकतं, पण पाणी अडवण्यात तेही कच्चंच. आणि तेलाने भिजलेल्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना तेल तापतं, आणि मे महिन्यात अशा चिंध्यांचा ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. त्या पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

लाख पॉलिश, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडी. दिवाणाला किंवा देवघराला सुंदर. ओट्याखाली मात्र ओला हात लागला की पांढरा डाग पडतो, आणि भांड्यांच्या साबणाने किंवा सोड्याच्या पाण्याने ते विरघळतंही.

भिंतीची पुट्टी. पेंटरच्या पिशवीत उरलेली असते म्हणून लाकडाला लावली जाते. ती सिमेंटची असते. लाकूड हलतं, ती हलत नाही, आणि पहिल्या पावसाळ्यात खपल्या सुटतात. लाकडाला एनसी (नायट्रोसेल्युलोजची, थिनरवर चालणारी) पुट्टी, किंवा खडूची पूड प्रायमर-वार्निशात मळून केलेली जुन्या पद्धतीची लांबी, एवढंच. भिंतीचा डिस्टेंपर किंवा इमल्शन उरलं म्हणून तेही नको.

एमडीएफवर पाण्याचा प्रायमर. पहिलाच हात पाण्याचा दिला की कडेचे तंतू उभे राहतात आणि कड कायमची खरबरीत होते. एमडीएफला पहिला हात नेहमी थिनर किंवा टर्पेंटाइनवर चालणाऱ्या वस्तूचा.

आता चालणाऱ्या गोष्टी. ब्रशने, गावातल्या पेंटरकडून, कॉम्प्रेसर आणि विजेच्या भरवशावर न राहता करायचं असेल तर तेलाचा वुड प्रायमर आणि त्यावर सिंथेटिक इनॅमलचे दोन हात. स्वस्त पल्ल्याला आमच्या मते हेच सगळ्यात शहाणपणाचं. ओरखडा पडला तर तेवढीच जागा घासून पुन्हा रंगवता येते, सामान तालुक्याच्या कोणत्याही हार्डवेअरमध्ये मिळतं, आणि चुका माफ करणारी ही वस्तू आहे. दोष एवढाच, की पांढरा इनॅमल बंद, अंधाऱ्या जागी पिवळट पडतो. बदामी किंवा फिकट राखाडी रंग घेतला की तो दोष डोळ्यांना दिसत नाही.

सिंकखालच्या दोन पल्ल्यांना साध्या प्रायमरऐवजी दोन घटकांचा इपॉक्सी प्रायमर घ्या. वर इनॅमलच.

दोन घटकांचं पीयू (पॉलियुरेथेन पॉलिश) पाणी, साबण आणि तेल या तिघांनाही सगळ्यात चांगलं तोंड देतं. पण त्याला स्प्रे, धूळ नसलेली जागा आणि हात बसलेला पॉलिशवाला लागतो. हार्डनरचं प्रमाण डब्यावर लिहिलेलं तंतोतंत घ्यायचं. “थोडं जास्त टाकलं तर लवकर कडक होईल” हा समज चुकीचा आहे. जास्त हार्डनरने थर ठिसूळ होतो. स्प्रे करताना तोंडाला दुपट्टा पुरत नाही, सेंद्रिय वाफांचा काडतुसाचा मास्क लागतो. हार्डनरमधल्या आयसोसायनेटने दम्यासारखा कायमचा त्रास होऊ शकतो. मेलामाइन पॉलिश पीयूपेक्षा स्वस्त आणि कडक, पण कडेला तडकण्याची सवय असलेलं. साधं एनसी लॅकर ओट्याखाली नको.

आलापल्ली-बल्लारशाकडचा साग घरात असेल आणि पल्ले त्याचे करायचे असतील तर दोन गोष्टी. सागाच्या अंगात तेल असतं, ते वार्निशला आणि इनॅमलला सुकू देत नाही. पहिल्या हाताच्या आधी एनसी थिनरने भिजवलेल्या फडक्याने पल्ला पुसा आणि तासाभराच्या आत पहिला हात द्या. दुसरी गोष्ट, सागाची एक फूट रुंद फळी मेपासून ऑगस्टपर्यंत, कापाच्या प्रकारानुसार, ३ ते ६ मिमी रुंदावू शकते. म्हणून मधली फळी चौकटीच्या खाचेत सैल ठेवायची, डिंक लावून पक्की करायची नाही, आणि बसवण्याआधीच चारही कडांनी रंगवून घ्यायची. नंतर रंगवली तर उन्हाळ्यात फळी आकसते आणि चौकटीलगत कोऱ्या लाकडाची रेघ उघडी पडते.

प्री-लॅम पार्टिकल बोर्डाला, म्हणजे कारखान्यातूनच पांढरा किंवा लाकडी नक्षीचा थर बसून आलेल्या फळीला, समोरून रंगवू नका. तो थर पाणी अडवतोच. त्याचं सगळं दुखणं कडेत असतं. रंग बदलायचाच हट्ट असेल तर २२० नंबरच्या पेपरने चमक पूर्ण उतरवून इपॉक्सी प्रायमर द्यावा लागतो. त्यावर थेट इनॅमल मारला तर तो सालीसारखा अखंड निघतो.

चार पल्ल्यांचं काम, पहिल्यापासून

४५ × ६० सेंमीचे चार पल्ले धरू. दोन्ही बाजू आणि कडा मिळून साधारण २५ चौरस फूट होतात. अर्धा लिटर प्रायमर, अर्धा लिटर इनॅमल (दोन हातांना अगदी काठोकाठ पुरतो, हात सैल असेल तर एक लिटर घ्या), अर्धा लिटर टर्पेंटाइन, कडांसाठी ५० ते ६० ग्रॅम सावकाश सुकणारं दोन नळ्यांचं इपॉक्सी, पाव किलो एनसी पुट्टी, १२०, २२० आणि ३२० नंबरचे पेपर प्रत्येकी दोन-तीन, आणि एक चांगला दोन इंची ब्रश. केस गळणारा दहा रुपये स्वस्त ब्रश घेऊ नका, एक एक केस चिमट्याने काढत बसावं लागतं.

वेळ महत्त्वाची. दिवाळीनंतर ते फेब्रुवारी-मार्चपर्यंत उत्तम. मे महिन्यात करायचं तर पहाटे, उन्ह चढायच्या आत. दुपारी ब्रशच्या रेषा सपाट व्हायच्या आतच रंग ओढला जातो. झडीच्या दिवसांत करूच नका. आणि पावसाळा संपताच, म्हणजे दसऱ्याच्या आसपास केलं तर पल्ल्यातली ओल आत कोंडून वरून झाकण बसतं. तेव्हा आधी पल्ले काढून सावलीत, हवेशीर जागी, दोन विटांवर उभे करून आठ-दहा दिवस ठेवा.

पल्ला काढताना मागच्या बाजूला पेन्सिलने नंबर घाला आणि तोच नंबर चौकटीवरही. बिजागऱ्या, हँडल, कडी सगळं काढा. तेलकट पल्ला असेल तर पेपर मारायच्या आधी धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याच्या पिळलेल्या फडक्याने पुसा (लिटरला एक मोठा चमचा), मग दोनदा साध्या पाण्याच्या पिळलेल्या फडक्याने, आणि एक दिवस वाळू द्या. पुसण्याआधीच पेपर मारला तर तेल लाकडात दाबलं जातं आणि त्या जागी रंग माशाच्या डोळ्यासारखा गोल गोल फाटतो.

जुनं पॉलिश कशाचं आहे ते कापसाच्या बोळ्याने कळतं. स्पिरिट लावून मिनिटभरात चिकट झालं तर लाख. स्पिरिटला दाद दिली नाही पण एनसी थिनरने विरघळलं तर लॅकर. हे दोन्ही पूर्ण काढायचे. थिनरनेही मऊ न पडता तसंच राहिलं तर मेलामाइन किंवा पीयू. ते घट्ट असेल तर खरबरीत करून त्यावरच काम करता येतं.

आता कडा. हा या सगळ्या कामाचा गाभा आहे, आणि दिसत नसल्यामुळे कुणी मनापासून करत नाही. कडा १२० आणि मग २२० ने घासा. पार्टिकल बोर्डाच्या कडेची पोकळ छिद्रं एनसी पुट्टीने भरून पुन्हा घासा. मग इपॉक्सीचे दोन्ही भाग पाकिटावर दिलेल्या प्रमाणात, एका पल्ल्यापुरतेच, जुन्या टाइलच्या तुकड्यावर कालवा. नळ्या दहा मिनिटं उन्हात ठेवून कोमट केल्या की ते पातळ होतं आणि नीट मुरतं. प्लास्टिकच्या पात्याने कडेवर कागदाएवढा पातळ थर ओढा. बिजागरीच्या खड्ड्याच्या तळाला आणि भिंतीला, हँडलच्या भोकांत, स्क्रूच्या छिद्रांत तेच काडीने भरून घ्या. खड्ड्यात थर जाड झाला तर बिजागरी बसत नाही, म्हणून जादा पुसून टाका. स्क्रूची छिद्रं सुकल्यावर २ मिमीच्या ड्रिलने पुन्हा मोकळी करायची. एक रात्र हात लावू नका. सकाळी वर तेलकट चकाकी दिसली तर ती साबणाच्या पिळलेल्या फडक्याने पुसून २२० ने चमक उतरवा, नाहीतर प्रायमर धरत नाही.

इपॉक्सी परवडत नसेल तर कडेला प्रायमरचे तीन हात. पहिल्यात एक चतुर्थांश टर्पेंटाइन घालून तो प्यायला द्या, पुढचे दोन घट्ट. इपॉक्सीइतकं टिकत नाही, पण कोऱ्या कडेपेक्षा कितीतरी बरं. पांढरा डिंक पाण्यात कालवून कडेला चोपडण्याची सुतारांची युक्ती मात्र सोडा; तो डिंक पाण्याने पुन्हा मऊ होतो.

मग दोन्ही अंगांना प्रायमरचा एक हात. आधी मागची बाजू करा, म्हणजे समोरच्या बाजूला टेकवल्याचे वण पडणार नाहीत. पल्ला ठेवायला फळीच्या चार तुकड्यांतून खिळे वर काढा आणि त्यांच्या टोकांवर टेकवा. रात्रभर वाळवून २२० ने हलकं घासा. खाच-खळगे पुट्टीने भरा, आणि पुट्टीवर पुन्हा प्रायमरचा ठिपका द्या. उघडी पुट्टी रंग पिते आणि तिथे मंद डाग दिसतो. इनॅमलमध्ये टर्पेंटाइन जास्तीत जास्त दहा टक्के. पहिला हात, रात्र, ३२० चा पेपर, फडक्याने धूळ पुसून दुसरा हात. मागच्या बाजूलाही दोन. समोर तीन आणि मागे एक असं केलं तर पल्ला कमी रंग असलेल्या बाजूने ओलावा घेऊन वाकतो. सनमायकाच्या बाबतीतही हेच: समोर १ मिमी लावला तर मागे निदान ०.६ मिमीचा लायनर हवाच.

रंग दुसऱ्या दिवशी हाताला सुकतो, पण आतून कडक व्हायला आठवडा लागतो. त्याआधी पल्ला बसवला तर चौकटीला टेकलेली जागा चिकटते आणि उघडताना सोलून निघते. बसवताना स्क्रूच्या छिद्रात सिलिकॉनचा टिपका टाकून मग स्क्रू पिळा.

आधीच फुगलेला पल्ला

फुगवटा खालच्या इंच-दीड इंचापुरता असेल तर पल्ला वाचतो. पूर्ण वाळवा. फुगवट्याच्या वर १५ मिमी चांगला भाग घेऊन रेघ मारा, रेघेवर मास्किंग टेप लावा म्हणजे सनमायका तडकणार नाही, आणि बारीक दातांच्या पात्याने कापा. कापलेली कड आतून काळी किंवा ओली दिसली तर अजून वर जा. तेवढ्याच उंचीची सागाची पट्टी मरीन प्रकारच्या डिंकाने जोडा, किंवा पीव्हीसी बोर्डाची पट्टी इपॉक्सीने. पीव्हीसीला लाकडाचा पांढरा डिंक चालत नाही. त्यातलं पाणी निघून जायला वाटच नसते, म्हणून तो धरत नाही. दोन्हींत खालून ३.५ मिमीचे, पट्टीच्या पार जाऊन बोर्डात निदान २५ मिमी शिरतील असे स्क्रू, आधी २.५ मिमीचं भोक पाडून. पार्टिकल बोर्डाच्या कडेत भोक न पाडता स्क्रू पिळला की बोर्ड मधोमध फाटतो. एक दिवस शिकंजात ठेवा. मग जोडावर पुट्टी आणि वर सांगितलेलं सगळं फिनिश.

फुगवटा बिजागरीच्या खड्ड्यापर्यंत पोचला असेल तर त्या पल्ल्यावर पैसे घालू नका. स्क्रूला पकडच राहत नाही.

सनमायका कोपऱ्यातून उचलला असेल आणि बोर्ड शाबूत असेल तर जुना डिंक खरवडून, दोन्ही अंगांना रबरी डिंक लावून दहा-पंधरा मिनिटं, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबा, आणि मग दाबा. ओला असतानाच दाबला तर आतला थिनर कोंडून पुन्हा फुगा येतो. पावसाळी हवेत हा डिंक वाळताना गार पडून त्यावर दव धरतं आणि पकड येत नाही. म्हणून हेही कोरड्या दिवशीच. शेगडीच्या शेजारचा सनमायका पुन्हा पुन्हा सुटत असेल तर कारण पाणी नसून उष्णता आहे. शेगडी सहा इंच सरकवा.

काम झाल्यावर काही बिघडलं तर

रंग खपल्यांनी निघतो आणि खपलीची पाठ गुळगुळीत असते: खाली चमक शिल्लक होती. खपलीच्या पाठीला लाकडाचे तंतू चिकटलेले असतात: लाकूड ओलं होतं. हा फरक बघूनच पुढचं ठरवा. पहिल्यात नीट घासणं पुरतं, दुसऱ्यात पाण्याचा माग पुन्हा काढावा लागतो.

लॅकर किंवा पॉलिश मारताना पांढुरकं, दुधाळ झालं: हवा दमट होती, थिनर उडताना पृष्ठभाग गार पडला आणि ओल आत अडकली. कोरड्या दिवशी रिटार्डर (सावकाश उडणाऱ्या) थिनरचा हलका फवारा दिला की बहुतेकदा साफ होतं. पीयूमध्ये बारीक बुडबुडे: हार्डनरला ओलावा लागला आणि वायू सुटला. अर्धा वापरून ठेवलेला हार्डनरचा डबा पावसाळ्यानंतर वापरू नका.

इनॅमल चार दिवसांनीही बोटाला चिकटतो: थर जाड होता, किंवा खाली तेल होतं, किंवा साग थिनरने पुसलेला नव्हता. आठवडाभर वाऱ्यावर ठेवून बघा. तरीही चिकट असेल तर खरवडण्याला पर्याय नाही. वरून दुसरा हात मारला तर चिकटपणा कायमचा आत राहतो.

काळे ठिपके आले: बुरशी. नुसतं पुसून रंगवलं तर ती रंगातून वर येते. ब्लीचिंगचं पाणी आणि साधं पाणी एकास तीन करून दहा मिनिटं फडक्याने ओलं ठेवा, पुसा, दोन दिवस वाळवा, मग रंग. हे करताना व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनर त्यात मिसळू नका, विषारी वायू होतो; खिडकी उघडी ठेवा.

रंग नवा केल्यावर चिकटपणा तपासायचा असेल तर पल्ल्याच्या मागच्या कोपऱ्यात ब्लेडने दोन-दोन मिमीवर सहा उभ्या आणि सहा आडव्या चिरा मारा, टेप दाबून चिकटवा आणि झटक्यात ओढा. चौकोन टेपबरोबर आले तर पकड कच्ची. ही तपासणी आठवडाभर सुकल्यावर, बसवण्याआधीच करा. नंतर त्या कोपऱ्याला ब्रशचा एक ठिपका द्यायला विसरू नका, नाहीतर पुढच्या मृगात पाणी तिथूनच आत जाईल.